पुनरुक्तीच्या बाजूने

मराठीच्या शिक्षकाने निबंधाच्या वहीत लाल शाईने घातलेल्या शेऱ्यांमध्ये 'पुनरुक्ती' हा शेरा फार जुना आहे. एकदा सांगितलेले पुन्हा सांगू नये, हा संस्कार आपल्यावर शाळेपासून होतो आणि त्यामागे साहित्यशास्त्राचा भक्कम आधारही आहे. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त अर्थदोषांची गणना करताना 'पुनरुक्त' हा दोष त्यांत धरला आहे. आशयात भर न घालता जागा अडवणारा शब्द काढून टाकावा, हे लेखनापुरते योग्यच. परंतु हीच काटकसर दूरध्वनी, मोबाइल आणि इंटरनेट यांच्या जाळ्याला लावली म्हणजे काय होते, हे पाहायचे असेल तर पावसाळ्यात चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात यावे. महापूर असो वा युद्ध, संपर्काचे जाळे त्यातून टिकते ते त्यातल्या पुनरुक्तीमुळे. आणि ज्या प्रदेशापुरती ही पुनरुक्ती परवडत नाही असे परस्पर ठरवले जाते, त्या प्रदेशाचा आवाज संकटात सर्वांत आधी बंद पडतो. प्रस्तुत लेखात या पुनरुक्तीची बाजू मांडायची आहे.

वस्तुतः तिचे बळ आपल्या परंपरेला अपरिचित नाही. वेद मुखोद्गत राखणाऱ्यांनी संहितापाठाच्या जोडीला पद, क्रम, जटा, घन असे पाठ सिद्ध केले. घनपाठात तेच शब्द उलटसुलट क्रमाने पुन्हा पुन्हा येतात. अर्थाच्या दृष्टीने त्यात काहीच भर पडत नाही. पण एखादा शब्द निसटला वा बदलला तर तो तत्काळ उघडा पडतो. मराठीपुरते पाहायचे तर लीळाचरित्राचा इतिहास बोलका आहे. म्हाइंभटांनी सिद्ध केलेली त्याची मूळ प्रत पुढे परचक्रात, महानुभावांच्या शब्दांत 'खालशाच्या धाडी'त, नाहीशी झाली. तरीही ग्रंथ उरला. तो एकाच पोथीत नव्हता. अनेकांच्या स्मरणात विखुरलेला होता आणि त्या स्मरणांतून तो पुन्हा जुळवता आला. याची किंमतही द्यावी लागली. एकाच ग्रंथाच्या अनेक पाठपरंपरा झाल्या आणि वि. भि. कोलते यांच्यासारख्या संपादकांना त्या पाठभेदांतून वाट काढावी लागली. पण पाठभेदांसह उरलेला ग्रंथ आणि एकच शुद्ध पाठ असलेला पण नष्ट झालेला ग्रंथ, यांत निवड करायची झाली तर कोणताही अभ्यासक पहिल्याचीच निवड करील.

विसाव्या शतकात अभियंत्यांनी हीच गोष्ट गणिताच्या भाषेत मांडली. क्लॉड शॅनन यांनी १९४८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात इंग्रजी भाषेतला सुमारे निम्मा भाग या अर्थाने 'जादा' असल्याचा अंदाज केला. लिहिणारा जे लिहितो त्यातले निम्मे तो स्वतः निवडत नाही, भाषेची रचनाच ते ठरवते. हा जादा भाग असतो म्हणूनच गोंगाटातले अर्धवट वाक्य आपल्याला पूर्ण कळते. त्यानंतर १९६० च्या दशकाच्या आरंभी पॉल बॅरन यांनी रँड या अमेरिकी संस्थेत अणुहल्ल्यानंतरही चालू राहील अशा संदेशजाळ्याचा विचार केला. सगळ्या तारा एका केंद्राला बांधल्या तर ते केंद्र पडताच सगळे संपते. प्रत्येक गाठ मासे धरायच्या जाळ्याप्रमाणे शेजारच्या अनेक गाठींना जोडली, किमान गरजेच्या तिपटी-चौपटीने जोड दिले, तर कितीतरी गाठी नष्ट झाल्या तरी उरलेल्या गाठी एकमेकींशी बोलत राहतात, असे त्यांनी दाखवले. इंटरनेटचे पूर्वरूप असलेले आर्पानेट अणुयुद्धासाठी बांधले गेले, ही समजूत मात्र खरी नाही. त्याचा हेतू दूरदूरच्या संगणकांचा सामायिक वापर हा होता. पण संदेशाचे तुकडे करून ते मिळेल त्या वाटेने पाठवण्याची कल्पना बॅरन यांच्या विचारातही होती आणि आजचे जाळे तिच्यावरच चालते.

ही कल्पना नकाशावर ठेवून पाहू. सिंदेवाही हे चंद्रपूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. नागभीडहून मूलकडे जाणारा रस्ता येथून जातो आणि गोंदिया-बल्लारशा हा रेल्वेमार्गही. रेल्वे आपल्या मार्गाच्या कडेने स्वतःची संदेशवाहिनी बाळगते. म्हणजे संदेश बाहेर जाण्याच्या निदान दोन वेगळ्या वाटा येथे कल्पिता येतात. येथून वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत जावे आणि चामोर्शी, आष्टी, आलापल्ली असे करत भामरागड गाठावे. जसजसे पुढे जावे तसतशा वाटा कमी होतात. रेल्वे मागे राहते, जंगल दाट होते, आणि शेवटी एक रस्ता, त्याच्या कडेची एक केबल आणि नदीवरचा एक पूल एवढेच उरते. तालुक्याच्या गावाच्या अलीकडे पर्लकोटा नदी आहे. तिथेच इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा यांचा संगम होतो. पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी पुलावरून वाहू लागले की भामरागडचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो. ही बातमी जवळजवळ दरवर्षी येते. २०१९ च्या पावसाळ्यात तर ती पुन्हा पुन्हा आली.

अशा वेळी टॉवर का मुका होतो, हे समजून घेण्यासारखे आहे. टॉवर स्वतः बहुधा पडत नाही. त्याला वीज लागते. वीज गेली की बॅटरी काही तास चालते, मग डिझेलचे जनित्र. डिझेल रस्त्याने येते आणि रस्ता पाण्याखाली असतो. सौरपट्ट्या असतील तर ज्या दिवसांत त्यांची सर्वाधिक गरज, त्याच दिवसांत आभाळ भरलेले असते. टॉवर जिवंत राहिला तरी त्याला बाहेर जोडणारी ऑप्टिकल फायबरची केबल रस्त्याच्या कडेने आणि पुलाच्या अंगाने गेलेली असेल, तर पुलाबरोबर तीही धोक्यात येते. ती जोडणारा माणूस त्याच पुलापलीकडे अडकलेला असतो. रस्ता, इंधन, केबल आणि दुरुस्ती या चार गोष्टी कागदावर स्वतंत्र दिसतात. एक नदी त्या चारही एकाच फटक्यात तोडते.

पाठचिकित्सेचा अभ्यास केलेल्या वाचकांना येथे एक जुना नियम आठवेल. एकाच पोथीवरून उतरवलेल्या दहा पोथ्या म्हणजे दहा साक्षी नव्हेत, ती एकच साक्ष. भांडारकर संस्थेत वि. स. सुखठणकर यांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी हस्तलिखितांची कुळे लावली, ती नेमकी यासाठीच. जे पाठ एकमेकांपासून स्वतंत्रपणे आले त्यांच्या एकमतालाच मोल असते. संपर्कजाळ्याचेही तसेच आहे. मोबाइलच्या पडद्यावर तीन कंपन्यांची नावे दिसतात. पण त्या तिघींची यंत्रे एकाच टॉवरवर, एकाच जनित्रावर आणि एकाच केबलवर असतील, तर ती निवड दुकानापुरतीच खरी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मुंबईत कंपन्यांची उणीव नव्हती. तरीही फोन लागेनासे झाले, कारण वीज सर्वांचीच गेली होती आणि एकाच वेळी सगळे शहर फोन करू पाहत होते. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडच्या किनाऱ्यावरही हेच दिसले. विजेचे खांब आडवे झाले आणि त्यांच्यापाठोपाठ फोनही गप्प झाले. नावे अनेक असली तरी आधार एकच होता.

निसर्गाला बाजू नसते. युद्धाला असते, आणि म्हणून युद्धातला प्रश्न अधिक अवघड आहे. या मुलखाला त्याची ओळख फार जुनी आहे. ११ मे १८५७ रोजी दिल्लीहून अंबाल्याला गेलेल्या तारेने पंजाबातले इंग्रज अधिकारी सावध झाले, ही हकीकत सर्वांना ठाऊक असते. पुढच्याच वर्षी, एप्रिल १८५८ च्या अखेरीस, प्राणहितेकाठी चिंचगुडी येथे तारखात्याच्या छावणीवर बाबुराव शेडमाके यांच्या बंडातल्या लोकांनी हल्ला केला, हे मात्र विदर्भाबाहेर क्वचितच सांगितले जाते. गार्टलंड आणि हॉल हे तारखात्याचे दोन कर्मचारी त्यात मारले गेले. पीटर नावाचा तिसरा निसटला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुरावांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. जंगलातून जाणारी तार ज्यांच्या निरोपांसाठी होती ते लोक जंगलाबाहेरचे होते. रानातल्या माणसाचा निरोप तिच्यातून जाणार नव्हता. ती तुटल्याने त्याचे काहीच बिघडणार नव्हते.

दीडशे वर्षांनंतर त्याच जंगलात नक्षलवाद्यांनी मोबाइलचे टॉवर जाळले. खबरी फोनवरून पोलिसांना वर्दी देतात, हा त्यांचा राग होता. बाबुरावांचे बंड आणि नक्षलवाद्यांची हिंसा यांना एका मापाने मोजण्याचा येथे हेतू नाही. त्यांच्यात काळाचे, कारणांचे आणि नीतीचे मोठे अंतर आहे. शिवाय यावेळी टॉवर जळल्याने रानातल्या माणसाचे नुकसान झाले, हा फरक तर उघडच आहे. केंद्र सरकारने २०१४ साली डाव्या उग्रवादाने प्रभावित भागांत टॉवर उभारण्याची योजना मंजूर केली आणि भारत संचार निगमने दहा राज्यांत २,३४३ ठिकाणी टू-जी टॉवर उभे केले. एप्रिल २०२२ मध्ये ते फोर-जी करण्याचा निर्णय झाला. संरक्षणाच्या गरजेपोटी असे पुष्कळ टॉवर पोलीस ठाणी आणि मदत केंद्रांच्या आवारात उभे राहिले. ते दुसरीकडे टिकलेच नसते, हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. परंतु कुंपणाच्या आत उभा असलेला टॉवर आपला आहे असे बाहेरच्या गावाला वाटायला वेळ लागतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव यांनी आपल्या साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. आता तरी टॉवर कुंपणाबाहेर, शाळेजवळ, आरोग्य उपकेंद्राजवळ यायला हवेत. एकाच टॉवरला पहारा देण्यापेक्षा चार ठिकाणी चार टॉवर उभारणे हे संरक्षणाच्याही हिताचे आहे.

हे केवळ तर्काने म्हणत नाही. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर आक्रमण सुरू झाले त्याच पहाटे व्हायासॅट कंपनीच्या उपग्रहसेवेवर सायबर हल्ला झाला आणि हजारो मोडेम निकामी झाले. जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांची दूरस्थ देखरेखही त्या एका घावाने थांबली. काही दिवसांतच, मार्च २०२२ मध्ये, युक्रेनच्या तीन प्रमुख मोबाइल कंपन्यांनी एकमेकींच्या ग्राहकांना आपापल्या जाळ्यावर घेण्याची व्यवस्था सुरू केली. एका कंपनीचा टॉवर पडला की ग्राहकाला आपला फोन दुसरीच्या टॉवरला जोडता येई. जोडीला दुसरी उपग्रहसेवा आली. डिसेंबर २०२३ मध्ये कीवस्टार या सर्वांत मोठ्या कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि तिचे सुमारे २ कोटी ४० लाख ग्राहक एका दिवसात मुके झाले. अशा वेळी ज्यांच्याजवळ दुसरी वाट होती तेच बोलू शकत होते. याउलट टोंगा या बेटराष्ट्राला बाहेरच्या जगाशी जोडणारी समुद्राखालची केबल एकच होती. जानेवारी २०२२ च्या ज्वालामुखीच्या उद्रेकात ती तुटली आणि जोडायला सुमारे पाच आठवडे लागले. टोंगा समुद्राने वेढलेले आहे आणि पुरातले भामरागड नद्यांनी. एकाच दोराचा धोका दोन्हीकडे सारखा.

युद्धात वा अशांततेत जाळे शत्रूच तोडतो असेही नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये सरकारनेच ते बंद केले. अशी बंदी अनिश्चित काळासाठी असू शकत नाही आणि तिचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी दिला. सगळ्या वाटा एकाच हुकमाने बंद होत असतील तर त्याही एकाच पोथीच्या नकला ठरतात.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे आणि तो पोकळ नाही. विरळ वस्तीच्या जंगलात दोन-दोन केबली, चार-चार टॉवर आणि जादा बॅटऱ्या ठेवायच्या तर पैसा कोठून आणायचा? जिथे एक टॉवरही स्वतःचा खर्च भरून काढत नाही, तिथे दुसरा कोण उभारील? बाजार उभारणार नाही, हे मान्य. म्हणूनच हा शासनाचा विषय आहे. आणि आता त्याला टाळता येण्याजोगा विषयही राहिलेला नाही. रेशनच्या दुकानात अंगठा यंत्रावर लावावा लागतो. रोजगार हमीची हजेरी मोबाइलवरून जाते. रुग्णवाहिकेसाठी १०८ फिरवावा लागतो. गरोदर स्त्रीला पूर ओलांडून दवाखान्यात नेल्याच्या बातम्या याच जिल्ह्यातून येतात. सर्पदंश झालेल्या माणसाच्या बाबतीत अर्ध्या तासाचाही हिशेब असतो. ज्या राज्याने नागरिकाच्या हक्काची प्रत्येक गोष्ट जाळ्यावर नेऊन ठेवली, त्याने ते जाळे पुरातही उभे राहील याची हमी द्यायला नको काय? खर्च वाचवायचा असेल तर कागदाची जुनी वाट उघडी ठेवावी. एक वाट बंद करायची आणि दुसरी कच्ची ठेवायची, हे काटकसरीत बसत नाही.

तत्त्व म्हणून शासनाने हे मान्यही केले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात ग्रामपंचायती सरळ रेषेऐवजी वर्तुळाकार केबलने जोडायचे ठरले. वर्तुळ एका जागी तुटले तरी संदेश उलट्या बाजूने जातो. परंतु वर्तुळाच्या दोन्ही बाजू एकाच पुलावरून नेल्या तर ते नकाशावरचेच वर्तुळ. जंगलपट्ट्यात दुसरी वाट पुलाला टाळणारी हवी. ती केबलची नसेल तर डोंगरमाथ्यावरून जाणारी मायक्रोवेव्हची असावी, तीही नसेल तर उपग्रहाची. बॅटऱ्या आणि डिझेल पावसाळ्याआधी, मेअखेर, पुलाच्या पलीकडे पोचलेले असावे. धान्याचा साठा आपण अशा गावांत पावसाळ्यापूर्वीच पोचवतो, तसेच हे. युक्रेनप्रमाणे संकटकाळी कोणत्याही कंपनीचा फोन कोणत्याही टॉवरवर चालावा. शासनाच्या निधीतून उभारलेले फोर-जी टॉवर कंपन्यांनी सामायिकपणे वापरण्याची सुरुवात जानेवारी २०२५ मध्ये झालीच आहे. पुराच्या दिवसांत तिला अपवाद नसावा.

मोजमापाची पद्धतही बदलायला हवी. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनी एखाद्या जिल्ह्यात सेवा २४ तासांहून अधिक बंद राहिल्यास ग्राहकाला सवलत देण्याची तरतूद केली. पण येथे एकक जिल्हा आहे आणि गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. जिल्ह्याचे मुख्यालय बोलत असताना भामरागड वा सिरोंच्याचे एक खोरे चार दिवस गप्प राहिले तर ते या मापात दिसणारच नाही. दर पावसाळ्यानंतर कोणता टॉवर किती तास बंद होता आणि का, याची टॉवरवार यादी जिल्हा प्रशासनाने प्रसिद्ध करावी. 'रेंज आहे काय?' या प्रश्नाला आजचे उत्तर कोरड्या दिवसाचे असते. ते पुराच्या तिसऱ्या दिवसाचे असायला हवे.

आणि जुने थर मोडीत काढू नयेत. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, ते कालोचितच होते. परंतु पोलिसांची बिनतारी यंत्रणा, हौशी हॅम रेडिओचालक, गावचा पोलीस पाटील आणि दवंडी देणारा कोतवाल ही मोबाइलपेक्षा मागासलेली साधने आहेत असे समजणे चूक आहे. ती मोबाइलपासून स्वतंत्र आहेत, हाच त्यांचा गुण. आपत्तीचा इशारा थेट मोबाइलच्या पडद्यावर देणाऱ्या संदेशांच्या चाचण्या २०२३ मध्ये देशभर झाल्या. उपक्रम उत्तम आहे. पण मुक्या टॉवरखाली तो संदेश पोचणार कसा? कोतवाल प्रत्येक चौकात थांबून तेच वाक्य पुन्हा सांगतो. त्याची ही पुनरुक्ती आपत्ती-आराखड्यात लिहिली जावी आणि तिचे मानधनही.

अनेक वाटांनी अनेक आवाज आले की अफवाही येतील, त्यांत विसंगती असेल, हे खरे. पण दोन वार्ता जुळत नसतील तर त्या ताडून पाहता येतात; ते काम आपण साहित्याचे लोक नेहमीच करत आलो आहोत. पुराच्या पलीकडून काहीच ऐकू येत नसेल तर ताडून काय पाहणार? जंगलपट्ट्यातल्या माणसाचे म्हणणे एकदा ऐकू आले नाही तर दुसऱ्या वाटेने ऐकू यावे, एवढी तजवीज मागणे हे जादा मागणे नव्हे.